आधी पंचनामा, मग आवराआवर

मंडळी, आजचा लेख जरा तांत्रिक आहे. पण सुरुवात एका फजितीपासून करतो, म्हणजे जे कोड लिहीत नाहीत तेही चार परिच्छेद टिकतील. :)

काही वर्षांपूर्वी पुण्यात आम्ही एका ग्राहकाची बिलं काढणारी सिस्टीम सांभाळत होतो. जावामध्ये लिहिलेली, सर्व्हर आठवडेच्या आठवडे चालू. एका सोमवारी फोन आला, काही बिलं निघतच नाहीयेत. लॉग उघडला. त्यात हजारो वेळा एकच ओळ होती: नल पॉइंटर एक्सेप्शन. आणि तिच्याखाली.. काहीच नाही.

ज्यांनी जावा पाहिली आहे त्यांना यातली गंमत लगेच कळेल. एरवी या ओळीखाली वीसेक ओळींची एक शेपटी असते. चूक कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत झाली, त्या फंक्शनला कोणी बोलावलं, त्या बोलावणाऱ्याला कोणी बोलावलं, अशी थेट मुळापर्यंतची साखळी. जावावाले तिला स्टॅक ट्रेस म्हणतात, पायथॉनवाले ट्रेसबॅक. आमच्या लॉगमध्ये शेपटीच गायब. नुसता उंदीर मेलाय एवढंच कळत होतं, कुठे ते नाही.

त्याच आठवड्यात टीममधल्या एका नव्या मुलाने बिलांच्या भागात एक बदल केला होता. "त्याचंच काहीतरी असणार," असं मी सगळ्यांदेखत बोलून मोकळा झालो. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. त्याआधी या शेपटीचा इतिहास बघू. ती येते कुठून, आणि जाते कुठे?

परतीची वाट

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ही साखळी माणसांच्या सोयीसाठी कोणी शोधून काढलेली नाही. ती यंत्राची गरज होती. तुम्ही स्वयंपाक करताना मधेच उठून दाराची बेल बघायला गेलात, तर परत आल्यावर फोडणी कुठवर आली होती ते लक्षात ठेवावं लागतं. प्रोग्रॅमचंही तसंच. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्या कामाला उडी मारायची, तर परत कुठे यायचं ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

ॲलन ट्युरिंगने १९४५च्या अखेरीस आपल्या एस यंत्राचा आराखडा लिहिला, त्यात हा विचार आहे. परतीचा पत्ता जपून ठेवण्याला त्याने 'पुरणे' आणि परत काढण्याला 'उकरणे' अशा अर्थाचे शब्द वापरले होते. पण ते यंत्र त्या आराखड्याप्रमाणे पूर्ण झालंच नाही.

प्रत्यक्षात चाललं ते केंब्रिजचं एडसॅक, ६ मे १९४९ रोजी. तिथे डेव्हिड व्हीलरने एक हुशार युक्ती काढली. उडी मारण्याआधी मूळ प्रोग्रॅम आपला पत्ता हातात धरून ठेवायचा. सबरूटीन सुरू झालं की ते पहिलं काम हे करायचं, की त्या पत्त्यावरून परतीची सूचना तयार करून ती स्वतःच्याच शेवटच्या ओळीत लिहून टाकायची. म्हणजे प्रोग्रॅम चालता चालता स्वतःला बदलत होता. या उडीला व्हीलरचंच नाव मिळालं.

युक्ती झकास, पण पाटी एकच. त्याच सबरूटीनने काम संपण्याआधी स्वतःला पुन्हा बोलावलं, तर पाटीवरचा जुना पत्ता पुसला जाणार आणि घरी जायचा रस्ता बंद.

त्याच एडसॅकवर मॉरिस विल्क्सना जिना चढता उतरता एक साक्षात्कार झाला, की आता उरलेलं बरंचसं आयुष्य स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. (आपल्यापैकी अनेकांना हा साक्षात्कार पहिल्या नोकरीत होतो.) स्टॅन्ली गिलने १९५१ साली चुकांच्या निदानावर एक निबंधच लिहिला. थांबलेल्या प्रोग्रॅमची मेमरी छापून काढणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना केंब्रिजवाले पोस्टमॉर्टेम म्हणत. शब्द बघा. यंत्र सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं, आणि शवविच्छेदन सुरू!

तळघर आणि उतरंड

पाटी एकच, ही अडचण सुटली ती स्टॅकमुळे. म्युनिकमध्ये फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस झामेलसन यांनी १९५७ साली पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या कल्पनेचं जर्मन नाव होतं केलर, म्हणजे तळघर. सगळ्यात शेवटी आत ठेवलेली वस्तू सगळ्यात आधी बाहेर काढायची.

आपल्याला तळघरापेक्षा उतरंड जवळची. आजीच्या घरात मडक्यावर मडकं रचलेली उतरंड असायची. वरचं काढल्याशिवाय खालच्याला हात लावता येत नाही. प्रत्येक फंक्शन सुरू होताना आपलं मडकं वर ठेवतं, त्यात परतीचा पत्ता आणि स्वतःचं सामान. काम संपलं की आपलं मडकं उचलून चालू पडतं. अशाने फंक्शनने स्वतःला शंभरदा बोलावलं तरी चालतं, कारण शंभर मडकी, शंभर पत्ते. १९६०च्या ऑगस्टमध्ये ॲमस्टरडॅमच्या माथेमाटिश सेंट्रममध्ये डायक्स्ट्रा आणि झोनफेल्ड यांचा अल्गोल ६०चा कंपायलर चालू झाला, त्यात हे सगळं व्यवस्थित बसवलेलं होतं. ॲमस्टरडॅमची ही संस्था लक्षात ठेवा, परत येणार आहे.

आता खरी मेख. हे पत्ते ठेवले होते ते यंत्राने घरी परतावं म्हणून. पण कोणीतरी मधेच उतरंडीकडे बघितलं तर? वरपासून खालपर्यंत प्रत्येक मडक्यातला पत्ता वाचला, की आपण इथवर कसे पोचलो याचा आयता माग मिळतो! लिस्पवाल्यांनी हे फार लवकर ओळखलं. १९६२च्या लिस्प १.५च्या माहितीपुस्तकात लिहिलंय, की चूक झाली की निरोपाखाली बॅकट्रेस छापला जाईल, म्हणजे सुरू झालेल्या पण न संपलेल्या फंक्शन्सची यादी. साठ वर्षं उलटून गेली, तरी याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. सुरू झालेली पण न संपलेली कामं! माझ्या कपाटातही अशी एक यादी आहे, असो.

उतरंड उतरवताना

इथपर्यंत सगळं छान. भांडण सुरू होतं ते चूक झाल्यावर काय करायचं यावरून.

समजा दहाव्या मडक्यात घोटाळा झाला आणि तो निस्तरायची अक्कल फक्त तिसऱ्या मडक्याकडे आहे. मग वरची सात मडकी काढून टाकायला हवीत. नुसती फेकून चालत नाही, कारण कोणी फाइल उघडून ठेवलेली असते, कोणी कुलूप लावलेलं असतं. एकेक मडकं उतरवायचं, त्यातलं सामान नीट आवरायचं, मग पुढचं. यालाच स्टॅक अनवाइंडिंग म्हणतात.

आणि इथेच घोळ आहे. आवराआवर आणि पुरावा यांचं हाडवैर असतं. घरात चोरी झाली तर पोलीस पहिलं काय सांगतात? कशाला हात लावू नका, आधी पंचनामा होऊ द्या. पण अनवाइंडिंग म्हणजे तर घर झाडून पुसून लख्ख करणं. तिसऱ्या मडक्याशी पोचेपर्यंत वरची सात मडकी गेलेली, त्यांच्याबरोबर मागही गेला.

याची वेगवेगळी उत्तरं निघाली. कॉमन लिस्पमध्ये चूक हाताळणारा कोड उतरंडीला हात न लावता, तिच्या वरच उभा राहून चालतो. तो सगळं बघतो, मग ठरवतो की दुरुस्त करून तिथूनच पुढे जायचं की खाली उतरायचं. सी प्लस प्लसने दुसरा रस्ता धरला. 'दुरुस्त करून तिथूनच पुढे' हा पर्याय ठेवायचा का, यावर त्यांच्या समितीत बराच वाद झाला. १९९१च्या नोव्हेंबरमध्ये पालो आल्टोच्या बैठकीत जिम मिचेलने झेरॉक्सकडच्या मेसा भाषेचा अनुभव सांगितला. तिथे ही सोय होती, पण वर्षानुवर्षांच्या वापरात लोकांनी ती एकेका ठिकाणाहून काढूनच टाकली होती. समितीने ती सोय घेतली नाही.

मग पुराव्याचं काय? त्याची काळजी अगदी वेगळ्या जागी घेतलेली दिसते, ती म्हणजे इटानियम प्रोसेसरसाठी ठरवलेल्या सी प्लस प्लसच्या नियमांत. २००१ साली बाजारात आलेल्या इटानियमचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्यासाठी लिहिलेले हे नियम लिनक्सवर आजही पाळले जातात. ते सांगतात, की उतरंडीवरून दोनदा जायचं. पहिल्या फेरीत कशालाही हात लावायचा नाही, फक्त विचारत जायचं, "ही चूक तुम्ही घेणार का?" कोणी हो म्हणालं तरच दुसरी फेरी, आवराआवरीची. कोणीच हो म्हणालं नाही, तर प्रोग्रॅम तिथेच संपवायचा, उतरंड जशीच्या तशी ठेवून. म्हणजे डिबगर लावणाऱ्याला चूक जिथे झाली तिथलंच दृश्य दिसतं. एकाच कामासाठी दोन फेऱ्या, म्हणजे दुप्पट चाल. का? तर 'दुरुस्त करून तिथूनच पुढे' जाणाऱ्या दुसऱ्या भाषांनाही त्याच उतरंडीवर नांदता यावं म्हणून, आणि पंचनामा हा त्यातला आयता फायदा.

पंचनामा चुकीच्या हातात

पंचनामा नुसता लिहून भागत नाही, तो योग्य माणसाच्या हातात पडावा लागतो. याचं सगळ्यात महागडं उदाहरण ४ जून १९९६चं. फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन ५ रॉकेटचं पहिलंच उड्डाण.

रॉकेटची दिशा मोजणाऱ्या संगणकात ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायची होती. बसली नाही, कारण एरियन ५ आपल्या थोरल्या भावापेक्षा, म्हणजे एरियन ४ पेक्षा, आडव्या दिशेने बरंच जास्त वेगात जात होतं, आणि कोड थोरल्या भावाचा होता. असा धोका असलेली सात व्हेरिएबल होती. त्यातल्या चारांना संरक्षण दिलेलं, तीन उघडी, कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. त्यावर कडी म्हणजे, हा हिशेब उड्डाणानंतर लागतच नव्हता.

एक्सेप्शन आलं. ते आलं तर काय करायचं हे ठरलेलं होतं: बसवर बिघाडाची खूण पाठवा, तपशील कायमच्या मेमरीत लिहा, प्रोसेसर बंद करा. राखीव संगणक आधीच्याच आवर्तनात, ७२ मिलिसेकंद अगोदर, याच कारणाने बंद पडला होता. आता मुख्यही पडला. त्याने पाठवलेला निदानाचा मजकूर मुख्य नियंत्रक संगणकाला मिळाला, आणि त्याला वाटलं ही उड्डाणाची माहिती आहे! त्यानुसार त्याने रॉकेटच्या नळ्या पूर्ण वळवल्या. रॉकेट आडवं होऊन तुटलं आणि स्वतःला उडवून मोकळं झालं. उड्डाणक्रम सुरू होऊन ४० सेकंदं झाली होती. आत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते.

पंचनाम्याचा कागद ड्रायव्हरच्या हातात दिला आणि त्याने तो नकाशा समजून स्टेअरिंग फिरवलं, असा हा प्रकार. चौकशी समितीचा अहवाल वाचण्यासारखा आहे. त्यातली एक गोष्ट मला फार भावते. अवशेष खारफुटीच्या दलदलीत विखुरले होते. त्यातून ते दोन्ही संगणक शोधून काढले. शेवटी बंद पडलेल्या संगणकाकडची जी माहिती जमिनीवर पोचलीच नव्हती, ती त्याच्या तपासणीत मिळाली आणि घटनाक्रम जुळवायला तिची चांगली मदत झाली. म्हणजे नीट लिहून ठेवलेला पंचनामा स्फोटातून आणि चिखलातूनही वाचला.

वेगाची हाव

यापुढचा इतिहास म्हणजे एकच नाटक, पुन्हा पुन्हा. कोणीतरी वेग वाढवायला माग पुसतो. काही वर्षांनी सगळे डोक्याला हात लावतात. मग कोणीतरी तो परत आणतो.

उतरंडीत प्रत्येक मडक्यातून खालच्या मडक्याकडे जाणारा एक दोरा असतो, फ्रेम पॉइंटर. त्यासाठी प्रोसेसरमधलं एक रजिस्टर अडकून पडतं. रजिस्टरं मोजकी, म्हणून कंपायलरवाल्यांनी दोरा काढून टाकला. मग माग कसा काढायचा? तर प्रोग्रॅमच्या पोटात वेगळा तक्ता ठेवायचा, ड्वार्फ नावाच्या पद्धतीने. (फाइलच्या पद्धतीचं नाव एल्फ, म्हणजे परीकथेतला यक्ष, म्हणून हा बुटका.) तक्ता बरोबर असेल तर सगळं ठीक, पण तो वाचणं किचकट. लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्वार्फ वाचणारा कोड २००६ साली आला आणि लायनस टोरवाल्ड्सने तो त्याच वर्षी वैतागून काढूनही टाकला. माग काढणारा कोडच कोसळायला लागला तर तो काय कामाचा? २०१७ साली त्याच्या जागी सोपा, आटोपशीर तक्ता आला. नाव अर्थातच ऑर्क! आणि साध्या प्रोग्रॅमसाठी फेडोराने २०२३ साली आणि उबुंटूने २०२४ साली फ्रेम पॉइंटरचा तो जुना दोरा परत बांधला. थोडा वेग गेला तरी चालेल, पण वेळ कुठे जातोय ते दिसायला हवं, असं म्हणून.

वेग आणि माग दोन्ही हवेत, यावर १९७९ साली बार्बरा लिस्कोव्ह आणि ॲलन स्नायडर यांनी एमआयटीच्या क्लू भाषेसाठी एक वाट दाखवली होती. चूक क्वचित होते, म्हणून नेहमीच्या रस्त्यावर तिच्यासाठी एकही पैसा खर्च करायचा नाही. बाजूला एक तक्ता ठेवायचा, कोडच्या या जागेत चूक झाली तर त्या जागी जा. चूक झाली तरच तक्ता उघडायचा.

आता ॲमस्टरडॅमला परत येऊ. डायक्स्ट्राच्या त्या संस्थेचं नाव १९८३ साली बदलून सीडब्ल्यूआय झालं. तिथेच १९८९च्या नाताळात ग्वीदो फान रॉसमने पायथॉन लिहायला घेतली. पायथॉनने पंचनाम्याचा प्रश्न सरळ सोडवला. उतरंड उतरवताना प्रत्येक मडक्याची नोंद एका साखळीत ओवायची. आवराआवर आणि पंचनामा हातात हात घालून. सुरुवातीला तिच्या डोक्यावर 'सगळ्यात आतलं शेवटी' अशा अर्थाची ओळ असे. २०००च्या २.० मध्ये 'सगळ्यात अलीकडचा कॉल शेवटी' असं आलं. जावात क्रम नेमका उलटा, त्यामुळे दोन्हीकडे काम करणारा माणूस दिवसातून चारदा चुकीच्या टोकाकडे बघतो.

फुकट मात्र काही नसतं. साखळीतल्या नोंदी म्हणजे खरी मडकीच, सामानासकट. साखळी कोणी धरून ठेवली तर मेमरी सुटत नाही. म्हणून पायथॉन ३ मध्ये एक्सेप्टचा भाग संपला की पकडलेल्या चुकीचं नाव भाषा स्वतःच पुसते. पंचनामा झाला, आता घर मोकळं करा! २०२२च्या ३.११ मध्ये ओळीतला नेमका कुठला तुकडा चुकला त्याच्याखाली खुणा आल्या. आणि त्याच आवृत्तीत ट्रायचा नेहमीचा खर्च काढून टाकून बाजूला तक्ता ठेवला, चूक झाली तरच उघडायचा. क्लूची ४३ वर्षांपूर्वीची वाट.

आमचा उंदीर

तर आमची ती शेपटी कुठे गेली होती? जावाच्या हॉटस्पॉटमध्ये पाचव्या आवृत्तीपासून एक बारीक सोय आहे. एकाच जागी तीच चूक सारखी व्हायला लागली, की तो भाग कंपाइल करताना मशीन म्हणतं, दरवेळी माग कशाला काढू? आणि आधीच तयार ठेवलेलं, शेपटी नसलेलं एक्सेप्शन फेकतं. पहिल्या काही चुकांना पूर्ण माग असतो. पण आमची लॉग फाइल भरली की जुनी पुसली जायची. म्हणजे खरा पंचनामा पहिल्या रात्रीच रद्दीत गेला होता. उरल्या होत्या हजारो पावत्या, बिनसहीच्या.

हे मला चौथ्या दिवशी कळलं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितलं, "आधी सर्व्हर रीस्टार्ट कर आणि पहिल्या मिनिटाचा लॉग बघ." केला. चाळीस सेकंदांत शेपटी आली. त्यात वरून दुसरी ओळ ज्या फंक्शनची होती ते मी लिहिलेलं होतं, दोन वर्षांपूर्वी. त्या मुलाच्या कोडचं नाव अख्ख्या साखळीत कुठेही नव्हतं.

मी सगळ्यांदेखत बोललो होतो, म्हणून सगळ्यांदेखतच माफी मागितली. तो नुसता हसला. पण ते चार दिवस तो जेवायला आमच्यात येत नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

माग नसला की जागा रिकामी राहत नाही. तिथे अंदाज येऊन बसतो, आणि अंदाज नेहमी सगळ्यात नव्या, सगळ्यात गरीब माणसाकडे बोट दाखवतो. म्हणून सध्या माझे दोनच नियम आहेत. सर्व्हर चालू करताना ती सोय बंद करण्याचा स्विच लावायचा. आणि दुसऱ्याचा कोड तपासताना रिकामा कॅच दिसला की तिथेच थांबून विचारायचं, बाबा रे, पंचनामा कुठाय?

चला, पुढच्या शनिवारी भेटू.